घोडं कुठे पेंड खातंय?

स्क्रम, स्प्रिंट, स्टँड-अप हे शब्द आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की आमच्या ग्रुपमध्ये कॅन्टीनला चहा मागवायचा असला तरी कोणीतरी ‘बॅकलॉगमध्ये टाक’ म्हणतं. (बॅकलॉग म्हटल्यावर ज्यांना केटी आठवते त्यांची क्षमा मागते!) सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात अजाइलवर प्रश्न आला की आपण सगळेच खूश. व्याख्या लिहायची, चार मूल्यं लिहायची आणि ती प्रसिद्ध आकृती काढायची. डावीकडे प्रॉडक्ट बॅकलॉग, मध्ये गोल फिरणारा बाण, उजवीकडे तयार सॉफ्टवेअर. पाच मार्क खिशात.

त्या आकृतीबद्दल माझी एकच तक्रार आहे. तिच्यातला बाण कधी अडत नाही. आपल्या प्रोजेक्टमधला मात्र दर आठवड्याला अडतो. कधी डेटा मिळत नाही, कधी सेन्सर जळतो आणि लॅमिंग्टन रोडला नेमकं तेच मॉडेल संपलेलं असतं, कधी लॅबचं इंटरनेट आपल्याला हवी ती साइटच उघडू देत नाही, तर कधी एक मेंबर डेंग्यू होऊन दहा दिवस घरी असतो. ठरवलेलं काम अडलं तर टीमने करायचं काय, याबद्दल पुस्तकात एखादा परिच्छेद असतो आणि परीक्षेत तर काहीच नसतं. म्हणून हा लेख.

अजाइलच्या भाषेत अशा अडथळ्याला ‘इम्पेडिमेंट’ म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी वाक्प्रचार मला जे काही येतात ते आजोबांच्या कृपेने. घरातलं एखादं काम रखडलं, मग ते गॅसचं बुकिंग असो की सोसायटीच्या टाकीची दुरुस्ती, आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘घोडं कुठे पेंड खातंय?’ लहानपणी मला खरंच एक घोडा डोळ्यांसमोर दिसायचा. शब्दकोशात इम्पेडिमेंटला अडथळा, अडसर असे शब्द सापडतात, पण मला आजोबांचा प्रश्नच जास्त पटतो. कारण त्यात ‘कुठे’ विचारलेलं आहे. ‘कोणामुळे’ विचारलेलं नाही. हा फरक छोटा वाटतो, पण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी थोडा इतिहास, पटकन आटोपते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देणं महत्त्वाचं, हे त्यातल्या चार मूल्यांपैकी एक. स्क्रम मात्र त्याहून जुनं. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लेख लिहून नवीन प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीमची तुलना रग्बीच्या टीमशी केली आणि १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरसाठी स्क्रमची पद्धत मांडली. रग्बीत स्क्रम म्हणजे खेळाडूंनी खांद्याला खांदा लावून एकत्र रेटणं. म्हणजे नावातच अडथळा गृहीत धरलेला आहे. समोर कोणी अडवणारं नसेल तर रेटायचं कशाला?

आता मुद्द्याचं. प्रत्येक अडचण म्हणजे अडथळा का? समजा तुमचा लूप चुकतोय आणि आउटपुट येत नाहीये. हा अडथळा नव्हे, हे तर आपलं कामच आहे, त्यासाठीच आपण इथे आलोय. मी स्वतःला एक प्रश्न विचारते. आणखी चार तास मन लावून बसले तर हे माझं मला सुटेल का? ‘हो’ असेल तर बसायचं. ‘नाही, कारण किल्ली दुसऱ्याच्याच खिशात आहे’ असं उत्तर आलं तर तो अडथळा. परवानगी, पासवर्ड, पार्ट, दुसऱ्या मेंबरचं अर्धवट काम, सरांचा निर्णय, या सगळ्या दुसऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या. खरी पंचाईत होते ती उत्तर ‘माहीत नाही’ असतं तेव्हा. अशा वेळी घड्याळ लावावं. दोन तास प्रयत्न करायचा, नाही जमलं तर टीमला सांगायचं. दोनऐवजी तीन तास ठेवा, माझी हरकत नाही, पण आकडा आधी ठरलेला हवा. नाहीतर ‘बस अजून थोडंसं’ करत आठवडा जातो.

आठवडा कसा जातो ते आमच्या एका सीनियर ग्रुपच्या गोष्टीवरून सांगते. नावं सांगत नाही. हॉस्टेलच्या गेटवर येणाऱ्या पाहुण्यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप ते करत होते. चार जण, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट. पाहुण्याने मोबाईल नंबर द्यायचा, त्यावर ओटीपी येणार, तो वॉचमनकाकांना दाखवायचा की नोंद पक्की. ओटीपीचं काम एकाकडे, बाकी तिघांकडे नोंदीचा फॉर्म, वॉचमनची स्क्रीन आणि रेक्टरसाठी रिपोर्ट. ओटीपीवाल्याने एका एसएमएस सेवेचं ट्रायल अकाउंट घेतलं, कोड लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या फोनवर ओटीपी आला. टाळ्या! पण ट्रायल अकाउंटवरून फक्त आधी नोंदवलेल्या नंबरवर मेसेज जातो. दुसऱ्या कोणाच्या फोनवर काही जाईना. त्याने शोधलं तेव्हा कळलं की भारतात असे मेसेज पाठवायचे तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर संस्था म्हणून कागदपत्रांसह नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर मंजूर करून घ्यावं लागतं, शिवाय मेसेजचा नमुनाही. वीस वर्षांच्या मुलाने आपल्या नावावर ही नोंदणी करायची कशी?

पुढचे अकरा दिवस रोजच्या मीटिंगमध्ये त्याचं एकच उत्तर होतं. ‘चालू आहे, नव्वद टक्के झालंय.’ तो खोटं बोलत नव्हता बरं का. कोड खरंच नव्वद टक्के झाला होता! रोज रात्री तो नवी एसएमएस सेवा शोधायचा आणि रोज त्याच भिंतीवर डोकं आपटायचं. बाराव्या दिवशी गाइड मॅडमसमोर डेमो होता. मॅडमनी स्वतःचा नंबर टाकला. ओटीपी आला नाही. तिघांची कामं त्या एका ओटीपीच्या मागे लागलेली, त्यामुळे कोणाचंच काही दाखवता येईना. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, की आपल्या ऑफिसमधून पालकांना हजेरीचे मेसेज जातात ते कसे जातात? कॉलेजची नोंदणी आधीपासूनच होती! तीन मजले खाली. एक अर्ज, एचओडी सरांची सही आणि नमुना मंजूर होईपर्यंत काही दिवसांची वाट, एवढंच काम होतं. ते झालंही, पण तोवर रेक्टरचा रिपोर्ट प्रोजेक्टमधून कापावा लागला होता. तो ज्या मुलीने केला होता तिचे व्हायव्हात दाखवण्यासारखे पंधरा दिवस गेले आणि आज ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. पहिलीपासूनचे मित्र आहेत ते. मार्कांचं एक वेळ सोडा, पण ही किंमत मला फार वाटते.

त्या मुलाने आधी का नाही सांगितलं? मला यात त्याचा एकट्याचा दोष दिसत नाही. आपण वाढतोच असे. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की साठ माना हलतात. व्हायव्हात ‘माहीत नाही’ म्हटलं की मार्क गेले. त्यामुळे ‘मी अडलोय’ याचा अर्थ आपण ‘मी ढ आहे’ असाच लावतो, आणि ‘चालू आहे’ हे आपलं राष्ट्रीय उत्तर होऊन बसतं. शिवाय आपल्या ग्रुपमध्ये विचारण्याची पद्धतही तशीच. ‘तुझं काम का नाही झालं?’ या प्रश्नावर कोणीही आधी स्वतःचा बचावच करणार. ‘कोणामुळे’ विचारलं की अडथळा लपतो, ‘कुठे’ विचारलं की बाहेर येतो, हे मी मघाशी म्हणत होते ते हेच.

या बाबतीत सॉफ्टवेअरवाल्यांनी बरंच काही गाड्यांच्या कारखान्याकडून घेतलं आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी असा स्वयंचलित माग बनवला होता की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. नाहीतर तुटक्या धाग्यासकट वारभर कापड विणलं जाणार आणि सगळं वाया जाणार. हीच कल्पना पुढे टोयोटाच्या कारखान्यात आली. तिथे लाइनवर कामगारांच्या डोक्यावर एक दोरी असते. काही गडबड दिसली की कामगाराने दोरी ओढायची. लगेच दिवा लागतो, त्या फलकाला ‘आंदोन’ म्हणतात, मूळ अर्थ कागदी कंदील. दिवा लागताच टीम लीडर धावत येतो. ती गाडी त्या टप्प्याच्या शेवटापर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाइन चालू राहते, नाही सुटला तर लाइन थांबते. यात मला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं सांगू? दोरी ओढणारा कामगार आणि धावत येणारा लीडर, दोघांचंही काम आधीच ठरलेलं आहे. दोरी ओढली म्हणून ओरडा मिळत नाही.

आता याची उलट बाजू बघा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटमध्ये जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, गैरहजेरी आणि वाईट दर्जासाठी बदनाम. लाइन थांबवणं हे तिथलं महापाप. गाडीत दोष दिसला तरी ती पुढे ढकलायची, शेवटी बघू. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना ‘नूमी’ या नावाने सुरू केला, बरेचसे जुनेच कामगार घेऊन. काही जणांना जपानला नेऊन शिकवलं, हातात दोरी दिली. त्याच माणसांनी बनवलेल्या गाड्यांचा दर्जा लवकरच जपानी कारखान्यांच्या तोडीचा झाला. (नूमी २०१० मध्ये बंद झाला आणि ती जागा टेस्लाने घेतली, ती वेगळी गोष्ट.) म्हणजे माणसं आळशी किंवा नालायक होती असं नव्हतं, त्यांना ‘थांबा, इथे अडलंय’ म्हणायची सोय नव्हती.

आपल्या टीममधली ही दोरी म्हणजे रोजची स्टँड-अप मीटिंग, स्क्रमच्या भाषेत डेली स्क्रम. जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का, हे तीन प्रश्न आपण प्रेसमनच्या पुस्तकातून पाठ केलेले आहेत. गंमत म्हणजे ‘स्क्रम गाइड’च्या २०२० च्या आवृत्तीतून हे तीन प्रश्न काढून टाकले आहेत! टीमने आपल्याला हवी ती पद्धत घ्यावी, फक्त लक्ष स्प्रिंटच्या उद्दिष्टावर हवं, एवढंच आता त्यात आहे. मला वाटतं ते बरंच झालं. कारण तीन प्रश्न ओळीने विचारले की पहिल्या दोन उत्तरांत माणूस आपण किती काम केलं ते सांगत बसतो आणि तिसऱ्याला ‘नाही, काही नाही’ म्हणून बसतो. तीनच प्रश्न ठेवायचे असतील तर क्रम उलटा करून बघा. आधी अडलंय काय, मग बाकीचं. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हेच करतो, आणि मीटिंग पंधराऐवजी आठ मिनिटांत संपते.

अर्थात ‘अडलंय’ एवढंच म्हणून भागत नाही. ‘एसएमएसचा थोडा प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य ऐकून कोणी काय करणार? मान हलवणार. तेच असं सांगितलं तर? ‘आपल्या ओटीपीला डीएलटी नोंदणी लागते आणि ती संस्थेलाच मिळते. मी सोमवारपासून अडलोय. दोन सेवा करून बघितल्या, दोन्हीकडे तेच. कॉलेजची नोंदणी आहे का हे कोणीतरी ऑफिसमध्ये विचारायला हवं. गुरुवारपर्यंत कळलं नाही तर मी ईमेलवर ओटीपी पाठवायला सुरुवात करतो.’ बोलायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. काय अडलंय, कधीपासून, काय करून पाहिलं, कोणाकडून काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि नाही मिळालं तर पुढे काय, सगळं आलं. आपल्या लोकलचा मेगाब्लॉक असतो ना, तसं. कोणत्या मार्गावर, किती ते किती, गाड्या कुठून वळवणार, हे आदल्या दिवशीच जाहीर असतं. मेगाब्लॉक कोणालाच आवडत नाही, पण रविवारी कोणत्या लाइनने जायचं हे तरी ठरवता येतं. न सांगता सिग्नलला थांबलेली गाडी जास्त छळते.

आणि हो, मीटिंगमध्ये अडथळा सांगायचा, सोडवायचा नाही. दोघं जण डीएलटीवर चर्चा करत बसले की बाकीचे मोबाईल काढतात. ज्यांचा संबंध आहे त्यांनी मीटिंग संपल्यावर थांबावं. दुसरी गोष्ट, सकाळी अकराला अडलात तर उद्याच्या मीटिंगची वाट बघू नका. दोरी कधीही ओढता येते.

दोरी ओढली, आता धावत कोण येणार? स्क्रममध्ये हे काम स्क्रम मास्टरचं. आपल्या कॉलेजात या पदाचा अर्थ फार विचित्र झालाय. ग्रुप लीडर स्वतःला स्क्रम मास्टर म्हणवतो आणि शाळेतल्या मॉनिटरसारखी सगळ्यांची नावं फळ्यावर लिहितो! खरं तर स्क्रम मास्टर कामं वाटत नाही आणि हजेरीही घेत नाही. टीमच्या वाटेतले अडथळे दूर होतील असं बघणं ही त्याची मोठी जबाबदारी. ऑफिसात अर्ज घेऊन जाणं, एचओडी सरांच्या केबिनबाहेर थांबणं, लॅब असिस्टंट काकांना गोड बोलून एक पीसी जास्तीचा मिळवणं ही त्याची कामं. माझा सल्ला विचाराल तर वर्गातल्या सर्वांत हुशार प्रोग्रॅमरला स्क्रम मास्टर करू नका. जो किंवा जी न लाजता कोणाशीही बोलू शकते, तिला करा. मात्र प्रत्येक बारीकसारीक अडथळा त्याच्यावरच ढकलला तर टीम पांगळी होते. दोन मेंबर आपसात बोलून जे सोडवू शकतात ते त्यांनीच सोडवावं.

अडथळा हातात आला की तो कोणत्या जातीचा आहे हे बघावं लागतं. टीमच्या आवाक्यातला असेल तर सोपं, एक-दोघांनी हातातलं काम ठेवून तिकडे वळायचं. याला ‘स्वॉर्मिंग’ म्हणतात, मधमाश्या जमतात तसं. टीमच्या बाहेरचा असेल तर वर न्यायचा, आणि नेताना लेखी न्यायचा. ‘सरांना सांगितलंय’ हे वाक्य धोक्याचं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, सर काय म्हणाले? कार्डवर ज्याचं नाव आहे तोच विचारत राहणार, दुसरा कोणी नाही. तिसरी जात म्हणजे न सुटणारा अडथळा. रुग्णालयाने पेशंटचा डेटा द्यायला नकार दिला, विषय संपला. तिथे रडत बसण्यापेक्षा वळसा घ्यायचा, म्हणजे सार्वजनिक डेटासेट घ्या किंवा खोटा डेटा तयार करून बाकीची सिस्टीम पुढे न्या. खऱ्या भागाच्या जागी तात्पुरता नकली भाग बसवणं, ज्याला आपण स्टब किंवा मॉक म्हणतो, हा फक्त टेस्टिंगचा धडा नाही. त्या सीनियर ग्रुपने ओटीपीच्या जागी पहिल्याच दिवशी ‘१२३४’ परत देणारा एक स्टब ठेवला असता तर बाकी तिघांची कामं डेमोत दिसली असती.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर एक साधी युक्ती. बोर्डवर अडलेल्या कार्डावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा आणि त्यावर अडल्याची तारीख लिहा. बोर्ड भिंतीवर असो की जिराच्या स्क्रीनवर, दोन्हीकडे सोय आहे. अडथळ्याचं वय डोळ्यांसमोर आलं की आपोआप हालचाल होते. एक दिवसाच्या चिठ्ठीकडे कोणी बघत नाही, सहा दिवसांची झाली की मॅडमसुद्धा विचारतात.

अडलो की आपण सगळे एक गोष्ट नकळत करतो. हातातलं काम बाजूला ठेवून नवीन काम सुरू करतो. वेळ वाया जायला नको म्हणून! ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण इथे गणित आडवं येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, रांगांच्या अभ्यासातला. अर्धवट असलेली सरासरी कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. समजा तुमची टीम आठवड्याला २ कार्डं पूर्ण करते. बोर्डवर ४ कार्डं चालू असतील तर एक कार्ड सरासरी २ आठवड्यांत बाहेर पडेल. अडलं की नवीन, अडलं की नवीन असं करत चालू कार्डं १० झाली आणि वेग तोच राहिला, तर तेच कार्ड ५ आठवडे घेईल. सगळे दिवसरात्र बिझी आणि पूर्ण काहीच नाही! म्हणून कॅनबान पद्धतीत चालू कामांवर मर्यादा घालतात. मर्यादा भरली की नवीन काम घेता येत नाही, झक मारत अडलेल्याकडेच वळावं लागतं. शेवटच्या आठवड्यात दोन नवीन मेंबर घेऊन भागवू असं कोणाला वाटत असेल तर फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. नव्या माणसाला समजावून सांगण्यात जुन्यांचाच वेळ जातो ना.

पण ठरवलेल्या कामाचं काय? स्प्रिंटमध्ये १० कार्डं ठरली, दोन अडली, मग स्प्रिंट चार दिवस वाढवायचा का? नाही. स्प्रिंटची मुदत वाढवत नाहीत. स्प्रिंटचं उद्दिष्ट धरून ठेवतात आणि त्यासाठी लागणाऱ्या कामांची यादी प्रॉडक्ट ओनरशी बोलून कमी-जास्त करतात. ‘पाहुण्याची नोंद गेटवर होऊ शकते’ हे उद्दिष्ट. एसएमएसने, ईमेलने की वॉचमनकाकांच्या रजिस्टरचा फोटो काढून, हा तपशील. उद्दिष्टच निरर्थक झालं तर स्प्रिंट रद्द करता येतो, पण तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा. आपल्याकडे ही भूमिका बहुधा गाइडकडे असते, म्हणून त्यांना बाराव्या दिवशी नव्हे, तिसऱ्या दिवशी सांगायचं.

कोणाला वाटेल, ही सगळी कॉलेजची रडगाणी आहेत, मोठ्या प्रोजेक्टमध्ये असं होत नसेल. अमेरिकेच्या एफबीआयचं उदाहरण घ्या. तपासाच्या फाइल्स कागदावरून कॉम्प्युटरवर आणायचा त्यांचा ‘व्हर्च्युअल केस फाइल’ हा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. मग २००६ मध्ये ‘सेंटिनल’ सुरू झाला, तोही रखडला. २०१० मध्ये एफबीआयने काम कंत्राटदाराकडून स्वतःच्या हातात घेतलं आणि लहान टीम, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट अशी अजाइल पद्धत धरली. काम वेगाने पुढे गेलं. पण ऑक्टोबर २०११ मध्ये खऱ्या वापरणाऱ्यांना बसवून चाचणी घेतली तेव्हा सिस्टीम दोनदा बंद पडली. जुनं हार्डवेअर हा भार पेलू शकत नव्हतं. आता प्रोग्रॅमर कितीही हुशार असला तरी त्याच्या स्प्रिंटमध्ये सर्व्हर विकत घेता येत नाहीत! तो अडथळा वर गेला, तारीख पुढे ढकलली, हार्डवेअर वाढवलं, आणि जुलै २०१२ मध्ये सेंटिनल सगळीकडे सुरू झाला. अजाइल घेतलं म्हणून अडथळा आला नाही असं झालं नाही. तो सगळ्यांच्या टेबलावर येण्याआधी एका चाचणीत सापडला, एवढा फरक पडला.

आपल्यातले बरेच जण पुढे हिंजवडी किंवा ऐरोलीत बसून परदेशी क्लायंटचं काम करणार. तिथला एक अडथळा आपल्या वाट्याला हमखास येणार, तो म्हणजे घड्याळ. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा असतात. तुम्ही सकाळी अडलात, संध्याकाळी निघताना ‘प्लीज क्लॅरिफाय’ एवढंच लिहून मेल टाकलात, की रात्री तिकडून उलट प्रश्न येतो आणि तुम्ही तो दुसऱ्या दिवशी वाचता. एका अर्धवट प्रश्नाची किंमत एक पूर्ण दिवस! म्हणून तिथे तर ‘काय, कधीपासून, काय करून पाहिलं’ हे सगळं पहिल्याच मेलमध्ये हवं.

अडथळा सुटला की आपण हुश्श करतो आणि विसरतो. खरं तर रिट्रोस्पेक्टिव्ह ही मीटिंग त्यासाठीच असते, स्प्रिंटच्या शेवटी. टोयोटाचे ताइइची ओनो पाच वेळा ‘का’ विचारायला सांगत. ओटीपीवर ते लावून बघा. मॅडमच्या फोनवर ओटीपी का आला नाही? नोंदणी नव्हती. का नव्हती? लागते हेच माहीत नव्हतं. का? खऱ्या नंबरवर करून बघायची वेळ तिसऱ्या स्प्रिंटमध्ये आली. इतक्या उशिरा का? आधी लॉगिन, मग रंगसंगती, मग मेन्यू असं जे सोपं ते आधी घेतलं. आणि सोपं आधी का घेतलं? कारण प्लॅन करताना ‘यातलं काय बाहेरच्यावर अवलंबून आहे’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. बघा, पाचव्या ‘का’पर्यंत त्या बिचाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. उपाय मात्र सापडला. बाहेरच्यावर अवलंबून असलेलं आणि कधीच न केलेलं काम पहिल्या स्प्रिंटमध्ये, एक-दोन दिवसांचा छोटा प्रयोग म्हणून करून बघायचं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले याला ‘स्पाइक’ म्हणतात. त्यात सुंदर कोड नको, फक्त रस्ता आहे की नाही ते कळायला हवं.

आणि सुटलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. काय अडलं, कोणत्या तारखेला, कोणी सोडवलं, किती दिवस गेले, असे चार रकाने एका वहीत किंवा शीटमध्ये ठेवा. दोन-तीन स्प्रिंटनंतर त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाडले की कळतं, अर्ध्या तर सह्या आणि परवानग्यांच्याच आहेत. मग पुढच्या सेमिस्टरला सगळे अर्ज पहिल्याच आठवड्यात एकदम टाइप करून सह्यांना पाठवता येतात. ब्लॅक बुकच्या शेवटी ही यादी परिशिष्ट म्हणून जोडायला कोणाची हरकत नसते. ‘प्रोजेक्टमध्ये अडचणी काय आल्या?’ हा तर एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न, आणि त्याचं तारीखवार उत्तर तुमच्याकडे छापील तयार असतं.